४२९४९६७२९७ : ही संख्या कागद-पेन घेऊन फोडता येते का?

खोडरबर
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकतो. संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२ वा घात अधिक १.

हिची गोष्ट अनेकांना माहीत असेल. २^१+१=३, २^२+१=५, २^४+१=१७, २^८+१=२५७, २^१६+१=६५५३७. घात दरवेळी दुप्पट करायचा आणि १ मिळवायचा. पाचही मूळ संख्या. १६४० मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं पत्रातून कळवलं की या साच्यातल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं मला वाटतं. साच्यातली पुढची, सहावी, म्हणजे आपली ही. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की हिला ६४१ नं भाग जातो आणि तिथेच तो साचा तुटला.

हे सगळं वाचलेलं आहे. पण मला अडलंय ते वेगळंच, ६४१ सुचला कसा? परवा रात्री वही घेऊन बसलो आणि ओळीनं मूळ संख्यांनी भागत गेलो, ३, ७, ११, १३ असं करत २११ पर्यंत पोचलो, हात दुखायला लागला, मधे दोन भागाकार चुकले ते पुन्हा केले, आणि मग वही मिटली. ऑयलर असा भागत बसला असेल हे पटत नाही. तर काहीही उत्तर आधी माहीत नसताना, नुसत्या विचारानं ६४१ पर्यंत पोचायची वाट आहे का?

जाता जाता आणखी एक. प्रोग्राम लिहून २^३२+१ छापायला सांगितलं तर उत्तर आलं १. हे काय?

बिटबाइट
तुमचा प्रोग्राम बरोबर आहे, डबा लहान पडला. ३२ बिटच्या चलात ० ते ४२९४९६७२९५ एवढंच मावतं. गाडीच्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा ००००० येतं तसं ४२९४९६७२९६ ला तो शून्य होतो आणि तुमच्या संख्येला १. इंटरनेटवरच्या आयपीच्या जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते मिळून ४२९४९६७२९६ च का, तर तिथेही पत्ता ३२ बिटांचा आहे म्हणून. ६४ बिटचा चल घ्या, साधा लूप फिरवा, डोळ्याचं पातं लवायच्या आत ६४१ मिळेल. हातानं कशाला करायचं खरंच कळलं नाही.

निवांत
लूप फिरवला की उत्तर मिळतं पण तेच का आलं ते नाही ना कळत. धागाकर्त्यांचा प्रश्न आवडला, बसून वाचतोय.

तिरकीरेघ
६४१ चालतो हे दाखवायला भागाकारही लागत नाही. मला हे पहिल्यांदा कुणीतरी फळ्यावर करून दाखवलं तेव्हा मी दोन वेळा पुसून पुन्हा लिहायला लावलं होतं.

६४१ कडे दोन तऱ्हांनी बघा.
६४१ = ६४० + १ आणि ६४० = ५ × २^७
६४१ = ६२५ + १६ म्हणजेच ५^४ + २^४

आता दोन संख्या घ्या.
पहिली : ६४१ × २^२८. दुसरं रूप वापरलं तर ही होते ५^४ × २^२८ + २^३२.
दुसरी : ६४०^४ − १. ही फोडली तर (६४०+१)(६४०−१)(६४०²+१), म्हणजे हिच्यात ६४१ आहेच. आणि ६४०^४ म्हणजे ५^४ × २^२८.

पहिलीतून दुसरी वजा करा. ५^४ × २^२८ दोन्हीकडचं उडालं. उरलं २^३२ + १. दोन्ही संख्यांना ६४१ नं भाग जातो तर वजाबाकीलाही जाणारच. झालं.

शंकासुर
@तिरकीरेघ, वा! पण हे म्हणजे चोर सापडल्यावर त्याच्या पावलांचे ठसे मोजणं झालं. ६४१ हातात आहे म्हणून तो दोन तऱ्हांनी लिहिता आला. खोडरबर विचारतायत तो कुठून आला.

तिरकीरेघ
मान्य. वाट यात नाही, पण सौंदर्य आहे आणि ते मला सांगायचंच होतं.

जुनामास्तर
वाट आहे, आणि ती आठवी-नववीच्या मुलाला समजेल अशी आहे. जरा सविस्तर लिहितो.

समजा प ही एक मूळ संख्या आहे आणि तिनं आपल्या संख्येला भाग जातो. आता १ पासून सुरुवात करा आणि दुप्पट करत चला. आकडा प च्या वर गेला की त्यातून प वजा करा, म्हणजे आपण नेहमी बाकीच बघतोय. २^३२+१ ला प नं भाग जातो याचा अर्थ ३२ व्या दुपटीला बाकी प−१ येते, म्हणजे उणे एक म्हणा. आणखी ३२ वेळा दुप्पट केलं की उणे एक गुणिले उणे एक, म्हणजे १. थोडक्यात १ पासून निघालो आणि ६४ पावलांत घरी परत आलो.

त्याआधीच घरी आलो असं होईल का? पहिल्यांदा घरी यायला जेवढी पावलं लागतात तो एक फेरा, आणि ६४ पावलांत पूर्ण फेरेच व्हायला हवेत, म्हणजे फेरा १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ पावलांचा. तो ३२ किंवा त्याहून लहान असता तर ३२ व्या पावलाला आपण घरी असतो. पण तिथे तर उणे एक आहे. म्हणून फेरा बरोबर ६४ चा.

आता फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की मूळ संख्या प असेल तर प−१ पावलांनंतर तुम्ही घरी असताच. म्हणजे प−१ मध्ये ६४ चे पूर्ण फेरे बसले पाहिजेत. म्हणून प = ६४ × काहीतरी + १. दुसऱ्या कुठल्याही रूपाची मूळ संख्या या संख्येला भागूच शकत नाही!

लिहा बरं यादी : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच. खोडरबर, तुम्ही ज्या वाटेनं निघालात त्या वाटेवर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. आणि ही संख्या मूळच असती तर खात्री करायला ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं. इथे पाचव्या भागाकाराला काम फत्ते. ऑयलर याच रूपाच्या विभाजकांमधून ६४१ पर्यंत गेला, त्यानं पुढे ही सिद्धताही छापली.

खोडरबर
सर, हेच हवं होतं. तीनदा वाचलं. म्हणजे मी २११ पर्यंत जे भागाकार केले त्यातला फक्त १९३ चा कामाचा होता?!

जुनामास्तर
हो. पण ते भागाकार वाया गेले असं समजू नका, त्या कंटाळ्यातूनच हा प्रश्न आला ना.

मायलेकी
सरांचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला (सातवीत आहे) आणि तिनं लगेच वहीच काढली. म्हणाली भागाकार नको, मी दुप्पटच करत जाते. ६४१ घेऊन तिनं केलेलं जसंच्या तसं टाकते :

२, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, ३८३, १२५, २५०, ५००, ३५९, ७७, १५४, ३०८, ६१६, ५९१, ५४१, ४४१, २४१, ४८२, ३२३, ५, १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०

मोजून ३२ आकडे, आणि शेवटचा ६४०! म्हणजे सरांनी सांगितलेला 'प−१'. दुप्पट आणि वजाबाकी सोडून काहीही वापरलेलं नाही. ३२३ ची दुप्पट ६४६, त्यातून ६४१ गेले, उरले ५, तिथे ती ओरडलीच, "आई आता सोपं झालं!" कारण ५ पासून पुढे एकही वजाबाकी नाही, ५, १०, २० करत थेट ६४०.

तिरकीरेघ
@मायलेकी, लेकीला सांगा की तिनं न सांगता माझ्या सिद्धतेचा अर्धा भाग शोधला. ५ पासून सात दुपटींत ६४० म्हणजेच ६४० = ५ × २^७! आणि ५ येतो २५ व्या पावलाला. आज कळलं की ती दोन रूपं आभाळातून पडलेली नाहीत, या वहीतच दिसतायत. शंकासुर, ठसे मिळाले बघा.

शंकासुर
मिळाले, आणि चोरही. दोघींना सलाम.

बिटबाइट
दुपटींची यादी बघून मत बदललं. हे लूपमधून मला कधीच दिसलं नसतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पाऊलखुणा
जुनामास्तरांच्या यादीतून आणखी काटछाट होते. १८७८ मध्ये ल्युकानं दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेता येतात. कारण असं : प हा ६४ च्या पटीपेक्षा १ नं मोठा, म्हणजे ८ च्या पटीपेक्षाही १ नं मोठा, आणि अशा मूळ संख्यांसाठी २ ही कुठल्यातरी पूर्ण संख्येच्या वर्गाची बाकी असते. मग दुपटींऐवजी त्या 'वर्गमुळानं' पावलं टाकली तर फेरा १२८ चा होतो. यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त दोन, २५७ आणि ६४१.

आता २५७ पण काढा! ती स्वतःच फर्माच्या साच्यातली आहे, आणि साच्यातल्या कुठल्याही दोन संख्यांना सामाईक विभाजक नसतो. ३×५ = १५ = १७−२. ३×५×१७ = २५५ = २५७−२. असंच पुढे ३×५×१७×२५७×६५५३७ = ४२९४९६७२९५, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ नं कमी. म्हणजे २५७ नं आपल्या संख्येला भागलं तर बाकी २ च उरणार, भागून बघायची गरज नाही. हे सगळ्या फर्मा संख्या एकमेकींना परक्या असणं गोल्डबाखनं १७३० मध्ये ऑयलरला पत्रात लिहिलं होतं. मुळात फर्माच्या या विधानाकडे ऑयलरचं लक्ष वेधलं तेही गोल्डबाखनंच, १७२९ च्या डिसेंबरातल्या पत्रात.

तर हिशेब : ११६ → ५ → २ → १. एकच भागाकार.

निवांत
एक! अंगावर काटा आला.

वजाबाकी
मला फर्माबद्दल बोलायचंय कारण त्याला उगाच कमी लेखलं जातं. पाच उदाहरणांवरून नियम ठोकला म्हणून सगळे नावं ठेवतात. पण त्यानं पत्रात स्वतःच म्हटलंय की याची सिद्धता माझ्याकडे नाही. नियम ठोकला नाही, वाटतं ते सांगितलं.

शंकासुर
पण मग तपासायला काय झालं होतं? छोटं प्रमेय त्याचंच. त्याच १६४० मध्ये, त्याच हत्यारानं त्यानं २^३७−१ फोडली होती ना, २२३ नं भाग जातो म्हणून दाखवलं. १३७४३८९५३४७१ = २२३ × ६१६३१८१७७. ही तर आपल्या संख्येच्या तीसपटीहून मोठी. एवढं ज्याला जमलं त्यानं इथे पाच भागाकार केले नाहीत हे मला खरंच सलतं.

जुनामास्तर
शंकासुर यांचा मुद्दा बिनतोड आहे. माझा अनुभव सांगतो, पटतो का बघा. वर्गात मुलं पेपर तपासताना चुकीचं वाटणारं उत्तरच पुन्हा तपासतात. जे बरोबर 'वाटतं' ते तपासायला हात जात नाही. ३, ५, १७, २५७, ६५५३७ हे ओळीनं पाहिल्यावर कुणालाही बरोबरच वाटेल.

वजाबाकी
हे पटलं. त्यात भर म्हणजे ही संख्या सोप्या चाळणीतून मूळ असल्यासारखी सुटते! आजकाल मूळ आहे का बघायला पहिली चाळणी अशी लावतात : २ चा (संख्या−१) वा घात घ्या, संख्येनं भागा, बाकी १ आली नाही तर मूळ नक्की नाही. आता आपली संख्या धरा. ३२ पावलांना उणे एक, ६४ पावलांना १. संख्या−१ म्हणजे २^३२, आणि त्यात ६४ चे पूर्ण फेरे बसतात. म्हणजे बाकी १! चाळणी म्हणते 'मूळ असू शकते'. २ नं विचारलंत तर ही संख्या शेवटपर्यंत खोटंच बोलणार.

३ नं विचारा मग. पेपँची कसोटी आहे, १८७७ ची. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं ३१ वेळा करायचं, दरवेळी आपल्या ४२९४९६७२९७ नं भागून बाकीच ठेवायची. संख्या मूळ असती तर शेवटी ४२९४९६७२९६ यायला हवं, म्हणजे उणे एक. येतं १,०३,२४,३०३. आणखी एकदा वर्ग केला तर १ च्या जागी ३,०२,९०,२६,१६०. उघडी पडली. गंमत म्हणजे अवयव कोणते ते यातून अजिबात कळत नाही, फक्त अवयव आहेत एवढं कळतं.

निवांत
अवयव माहीत नाहीत पण आहेत एवढं माहीत, हे कसं तरीच वाटतं.

वजाबाकी
@निवांत, साच्यातल्या मोठ्या संख्यांचं तेच तर चाललंय. पहिलीला शून्यावी म्हणून मोजलं तर आपली पाचवी. पाचवीपासून ३२ वीपर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण विसावी आणि चोविसावी यांचा एकसुद्धा अवयव अजून कुणाला मिळालेला नाही. तेहेतिसावीबद्दल तर मूळ की संयुक्त हेही ठरलेलं नाही, ती लिहायलाच अडीचशे कोटींहून जास्त अंक लागतात. ६५५३७ नंतर फर्माच्या साच्यात एकही नवी मूळ संख्या सापडलेली नाही.

चंद्रकोर
मला ही संख्या आवडते ती वेगळ्याच कारणानं, वर्गांमुळे. ४२९४९६७२९७ = ६५५३६² + १² हे उघडच आहे. पण हिची आणखी एक जोडी आहे :
६२२६४² + २०४४९²
करून बघा, ३८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१, बेरीज तीच.

मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेनं लिहिता आली तर एकाच तऱ्हेनं लिहिता येते. दोन तऱ्हा मिळाल्या की ती संख्या फुटलीच, आणि कशी फुटते तेही त्या जोड्याच सांगतात. ऑयलरचीच पद्धत. बघा :
६५५३६ − ६२२६४ = ३२७२ = ८ × ४०९
६५५३६ + ६२२६४ = १२७८०० = ५० × २५५६
२०४४९ − १ = २०४४८ = ८ × २५५६
२०४४९ + १ = २०४५० = ५० × ४०९
चारच आकडे खेळतायत : ८ आणि ५०, ४०९ आणि २५५६. ८ आणि ५० ला २ नं छाटलं की ४ आणि २५. आता
४² + २५² = १६ + ६२५ = ६४१
४०९² + २५५६² = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७
दोन्ही अवयव हातात!

आणि त्यातही एक जागा आहे जिथे मी दर वेळी थांबते. ४ × २५५६ = १०२२४ आणि २५ × ४०९ = १०२२५. फक्त एकाचा फरक. तोच तो '+१²' मधला एक. हे दोन गुणाकार एवढे जवळ आले नसते तर ही संख्या २^३२+१ झालीच नसती.

शंकासुर
@चंद्रकोर ६२२६४ ही जोडी हातानं शोधता येते का पण?

चंद्रकोर
शोधायला फार वेळ लागेल, मी अवयवांवरून उलटी गेले. पण जोडी एकदा हातात आली की पुढचं दोन मिनिटांचं काम. (२०४४९ हा १४३ चा वर्ग निघाला तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठले होते.)

पाऊलखुणा
अवांतर : कंपास-पट्टीनं नियमित बहुभुज काढायचा प्रश्न याच संख्यांवर येऊन थांबतो. १७ बाजूंचा काढता येतो हे गाउसनं १७९६ मध्ये दाखवलं, एकोणीस वर्षांचाही नव्हता तेव्हा. विषम बाजू असतील तर त्या फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराएवढ्या असल्या पाहिजेत. आपल्याला पाचच माहीत आहेत, त्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५. म्हणजे ज्ञात असलेला सगळ्यात मोठा विषम बहुभुज आपल्या संख्येच्या दोनच घरं अलीकडे आहे. आपली संख्या मूळ असती तर तेवढ्या बाजूंचाही जमला असता. ६४१ बाजूंचा मात्र जमत नाही.

बिटबाइट
आणि ४२९४९६७२९५ हाच ३२ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा, माझा पहिला प्रतिसाद बघा. रोज हा आकडा डोळ्यांखालून जातो आणि तो ३×५×१७×२५७×६५५३७ आहे हे आज कळतंय.

मायलेकी
लेकीचा प्रश्न : फर्माच्या संख्या ७ वरच का संपतात? १७, २५७, ६५५३७, आपली पण.

जुनामास्तर
१६ ला १६ नं कितीही वेळा गुणलं तरी शेवटी ६ च येतो, सहा सख्खं छत्तीस म्हणून. १७ पासून पुढे प्रत्येक जण १६ चा घात अधिक १. सहा अधिक एक सात. तिला म्हणावं ३ आणि ५ का सुटले ते आता तूच मला सांग.

तिरकीरेघ
६४१ चा विषय निघालाच आहे तर हेही. १ ला ६४१ नं भागत बसा :
०.००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९ आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ३२ अंकांची आवर्तनं. मधे मी मुद्दाम जागा सोडली आहे, पहिले १६ अंक आणि पुढचे १६ अंक एकाखाली एक मांडून बेरीज करा, सगळे ९ येतात. कारण १०^१६+१ लाही ६४१ नं निःशेष भाग जातो, १०००००००००००००००१ = ६४१ × १५६००६२४०२४९६१. दोनाच्या दुपटींत ३२ व्या पावलाला उणे एक, दहाच्या पटींत १६ व्या पावलाला.

खोडरबर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तीच वही पुन्हा उघडली. ठरवलं होतं की एकच भागाकार करायचा, पाऊलखुणा म्हणतात तसा. करतो तसं लिहितो.

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६, उरले ४४८. वरचा ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, उरले २. ६ खाली, २६, भाग जात नाही, शून्य. ७ खाली, २६७, पुन्हा शून्य. २ खाली, २६७२, चार वेळा २५६४, उरले १०८. ९ खाली, १०८९, एकदा, उरले ४४८. इथे पेन थांबला, कारण हेच ४४८ वर येऊन गेलेले. आणि शेवटचा ७ खाली घेतला तर ४४८७. वरच्या ओळीत ४४८७ लिहिलेलं दिसतच होतं, सात वेळा. बाकी शून्य. भागाकार ६७००४१७.

मग म्हटलं आता ६७००४१७ मूळ आहे हेही स्वतःच बघायचं. तिचे अवयवही १२८ च्याच रूपाचे हवेत कारण ते आपल्या मोठ्या संख्येचेही अवयव. वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत १२८ ची यादी केली तर वीस आकडे, त्यातले मूळ पाच : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ ला सुट्टी. उरलेल्या चारांच्या बाक्या ६४१ ला ४४, ७६९ ला १२०, ११५३ ला ३३४, १४०९ ला ६२२. एकही शून्य नाही. म्हणजे मूळ. सगळं मिळून पाच भागाकार, तासभर लागला कारण १५३७ मूळ वाटत होती, ती २९ × ५३ निघाली.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. पान फाडून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

चंद्रकोर
काय सुंदर लिहिलंय हे. ४४८ दोनदा येतं हे मला माहीत नव्हतं.

जुनामास्तर
खोडरबर, शाबास. आता पुढची घ्या. २^६४+१ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७. यादी २५६ च्या रूपाची.

पाऊलखुणा
सर, तो घास मोठा आहे. लहान अवयव २७४१७७, म्हणजे २५६ च्या यादीतला १०७१ वा. दुसरा ६७२८०४२१३१०७२१. लांद्रीनं १८८० मध्ये ही फोड प्रसिद्ध केली तेव्हा त्याचं वय ८२ होतं.

निवांत
८२!

मायलेकी
अवयव सांगून टाकलात तर बरंच झालं, लेकीनं २७४१७७ घेऊन दुपटी सुरू केल्यात. १८ व्या पावलापर्यंत एकही वजाबाकी लागत नाही म्हणून फार खूश होती, १९ व्याला पहिल्यांदा करावी लागली, २५०१११ उरले. ६४ व्याला २७४१७६ यायला हवं ना? २७ व्या पावलावर आहे, झोपायला पाठवलंय. उद्या टाकते.

जुनामास्तर
हो, ६४ व्याला २७४१७६. मधे कुठे सम आकडा विषम झाला की समजायचं वजाबाकी केली, तेवढं एक तपासत जा म्हणावं. वाट बघतो.